युंगकाकांच्या बोटीची तुंबलेली न्हाणी

युंगकाका मासा उलटत नाहीत. वरची बाजू खाऊन झाली की जेवणाच्या काड्यांनी मधला काटा शेपटीकडून अलगद उचलायचा, ताटाच्या कडेला ठेवायचा आणि मग खालचं मांस खायचं. हाँगकाँगजवळच्या च्युंग चाव बेटाच्या बंदरात बोटीवर जन्मलेला कुठलाही माणूस असाच जेवतो. मासा उलटला की बोट उलटते. यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. फरक एवढाच, की बाकीच्यांनी हा नियम ताटापुरता ठेवला आणि युंगकाकांनी तो बोटभर पसरवला. त्यांच्याकडे वाडगे सुलटे, बादल्या सुलट्या, धुतलेली पातेलीसुद्धा सुलटी. पाऊस पडून गेला की टपावर वाळत घातलेल्या प्रत्येक पातेल्यात एकेक तळं. एकदा काठावरच्या खानावळीत नव्या वाढप्यानं मोठ्या अदबीनं त्यांच्या ताटातला मासा उलटून दिला. काका काड्या खाली ठेवून उठले आणि तडक धक्क्यावर गेले. बोट जागेवर होती. "वेळेवर आलो," असं म्हणत परत येऊन त्यांनी भात संपवला.

लोक हसतात आणि काका हसू देतात. त्यांच्या थोरल्या भावाची, पिंगची, बोट वादळात गेली तेव्हा काकांना नुकतं मिसरूड फुटत होतं. पिंगनं तर जन्मात मासा उलटला नव्हता. मग नियम पाळून मिळालं काय, असं कुणी विचारलंच तर काका म्हणतात, "वारा माझ्या हातात नाही. वाडगा आहे."

अशा माणसाच्या बोटीवर न्हाणी तुंबली.

बोटीनं मासेमारी सोडून बरीच वर्षं झाली होती. काकांचे गुडघे आणि बोटीचं इंजिन यांनी एकाच सुमाराला राजीनामा दिला. तेव्हापासून बोट बंदरातल्या दुसऱ्या रांगेत बांधलेली असते आणि काका आणि लानकाकू तिच्यावर राहतात, जसे लग्न झाल्यापासून राहत आले तसे. न्हाणी मात्र मागाहून आली. मुलगी मान-यी शाळेत जायला लागून मोठी झाली, तेव्हा एके दिवशी तिनं जाहीर केलं की सगळ्या बंदरासमोर बादली घेऊन अंघोळ करणं आता होणार नाही. काकांनी पूर्वी जिथं बर्फ ठेवत तो मागचा कप्पा रिकामा केला, लाद्या बसवल्या, वर फवारा लावला आणि लेकीला कपाटाएवढी न्हाणी करून दिली.

आता, पाणी आपोआप वाहून जातं हे जमिनीवरच्या माणसाचं सुख. बोटीच्या पोटात न्हाणीची फरशी समुद्राच्या पातळीखाली असते. तिथं भोक पाडलं तर अंघोळीचं पाणी बाहेर जायच्याऐवजी समुद्रच अंघोळीला आत येईल. म्हणून फरशीखाली एक छोटा हौद. त्यात पाणी साठलं की आतला तरंगता गोळा वर चढतो, पंप घुर्रकन सुरू होतो आणि पाणी उचलून बोटीच्या कुशीतून बाहेर फेकतो. हौदात केस आणि साबणाचा लगदा जाऊ नये म्हणून फरशीच्या भोकात काकांनी स्वतःच्या हातानं केलेली गाळणी बसवली होती. स्टीलचा एक उभट डबा, त्याला तळाशी आणि बाजूंनी भोकं आणि तोंडावर जाळी. बोट हलली तरी झाकण उडायला नको म्हणून ही जाळी त्यांनी डब्याला कायमची सांधून टाकली होती. सांधा असा देखणा, की आल्यागेल्याला न्हाणी दाखवताना काका आधी सांधा दाखवत.

दर काही दिवसांनी लानकाकू जुन्या काड्या घेऊन उकिडव्या बसायच्या, जाळीत अडकलेले केस एकेक करून वेचायच्या, गाळणी भोकातून उचलायच्या, तिच्यात दोन तांबे पाणी ओतायच्या आणि परत बसवायच्या. चकचकीत. तरीही वर्षागणिक पाणी निघायला वेळ लागू लागला. आधी अंघोळ संपेपर्यंत तळवे बुडायचे. मग बोटं. मग घोट्यांपर्यंत फेसाळ पाणी. रोज थोडंथोडं वाढणाऱ्या गोष्टीची सवय होते तशी त्यांनाही झाली. "म्हातारी झालीय आपली न्हाणी, घोटघोट पिते," असं काकू म्हणायच्या आणि त्या पाण्यात पाय टाकून उभ्या राहायच्या.

या उन्हाळ्यात त्या फेसाखाली साबणाची वडी पडली होती. काकूंना ती दिसली नाही, पायाला मात्र सापडली. मनगट मोडलं.

मान-यी फेरीबोटीनं आली ती न्हाणीतच शिरली. ती आता हाँगकाँगला एका उंच इमारतीत राहते, बाविसाव्या मजल्यावर.

"बाबा, घोट्याएवढं पाणी! बोटीच्या आत!"

"बोट आहे. पाणी असायचंच."

"बाहेर असतं हो! बाहेर!"

काकांनी पंपाकडे बोट दाखवलं, पंपानं घसा खाकरला. मान-यी म्हणाली, "मी आईला घेऊन जातेय. हात बरा होईपर्यंत नव्हे, न्हाणी बरी होईपर्यंत. चंद्राच्या सणाला आम्ही जेवायला येऊ. आधी मी स्वतः अंघोळ करणार. माझ्या पायाशी पाणी साठलं तर आई माझ्याबरोबर परत जाईल, आणि मग तुम्हीही बोट कुणाला तरी देऊन टाकायची आणि वर राहायला यायचं. कबूल?"

"अगं, पण लानला विचार..."

"आईला काय विचारायचं? ती म्हणणार, बाबा म्हणतील तसं. आणि तुम्ही म्हणणार, आईला विचार. मला ठाऊक आहे तुमचा कारखाना."

काकू होडीत उतरताना एवढंच म्हणाल्या, "मिठाची बरणी वरच्या फळीवर आहे." संसार सोडून जाताना माणसाला नेमकं काय सांगावंसं वाटेल ते सांगता येत नाही.

काका कामाला लागले. बोटीला बोट बांधून राहणारा चोई हा त्यांचा शेजारी. बंदरातल्या कुठल्याही यंत्राचा आजार चोई ओळखतो. बरा मात्र त्याच्याकडून आजवर एकही झालेला नाही. त्यानं आल्याआल्या काकांच्या डोक्याकडे बघितलं.

"युंग, एक गोष्ट सांग. वहिनी मुलीकडे गेल्या. तुझ्या डोक्यावर शपथेपुरताही केस नाही. मग तुंबतंय कशानं?"

"तेच तर."

"पंप गेला असणार."

पंप बदलला. नवा पंप फारच उत्साही निघाला, पण त्याच्यापर्यंत पाणी पोचेल तेव्हा ना. मग काकांनी उकळतं पाणी ओतलं, व्हिनेगर ओतलं, रबरी दट्ट्यानं हापसलं. चोईनं कुठलीशी मोरी साफ करायची पावडर आणली होती. ती नळ्या खाते आणि बाहेर गेल्यावर चोईनंच समुद्रात पिंजऱ्यात पाळलेले मासे खाईल, हे काकांनी सांगितल्यावर त्यानं पुडी गुपचूप खिशात घातली. शेवटी गाळणी बाजूला ठेवून काकांनी बादलीभर पाणी सरळ हौदात ओतलं. घुर्र! क्षणात हौद कोरडा.

"म्हणजे पंप ठीक, नळी ठीक," चोई म्हणाला. "राहिली गाळणी."

दोघांनी गाळणी उचलली. सुपाचा वाडगा धरावा तशी दोन्ही हातांत सरळ धरली आणि आळीपाळीनं वरून बघितली. जाळीवर काही नव्हतं. खालून, बाजूनं हात फिरवला. बाहेरून लख्ख.

"स्वच्छ आहे," चोई म्हणाला.

"स्वच्छच आहे," काका म्हणाले.

दोघंही शहाणे, दोघंही बोटीवर जन्मलेले. दोघांच्याही मनगटाला तो एक झटका माहीतच नव्हता. नियम फार जुना झाला की तो डोक्यातून उतरून हातात जाऊन राहतो आणि हाताला काय ठाऊक नाही, हे डोक्याला कळत नाही.

काका रोज दुपारी काकूंना फोन करायचे. हात कसा आहे, काय जेवलीस, मिठाची बरणी सापडली, असं बोलणं व्हायचं. न्हाणीबद्दल त्या विचारायच्या नाहीत आणि हे सांगायचे नाहीत. एकदा मात्र काकू म्हणाल्या, "इथं काहीच हलत नाही हो. पलंग हलत नाही, दिवा हलत नाही. झोपावं तरी कसं माणसानं?" त्या दिवशी काका फोन ठेवून बराच वेळ टपावर बसून राहिले. त्यांच्याकडे सगळं हलत होतं आणि झोप त्यांनाही येत नव्हती. सण चार दिवसांवर आला होता. बाविसाव्या मजल्यावर राहायचं म्हणजे आपल्या पातेल्यांचं काय करायचं, इथपर्यंत त्यांचे विचार जाऊन पोचले होते.

सणाच्या आदल्या सकाळी फोन वाजला. काकूंचा आवाज दबका होता, शेजारी कुणी झोपलं असावं तसा.

"अहो, ऐका. मान-यी तिची भांडी घासायची मोरी साफ करत होती. तिथंही गाळणी असते, लहानशी. तिनं ती उचलली आणि... ते केलं."

"काय केलं?"

"ते हो! माशाला आपण जे करत नाही ते! कचऱ्याच्या डब्यावर धरली आणि टकटक आपटली. मला तर धडकीच भरली. खिडकीतून खाली बघितलं मी."

"मग?"

"इमारत उभी होती. पण अहो, त्या एवढ्याशा गाळणीतनं एवढा गाळ पडला! आणि मी विचार करतेय, आपल्या गाळणीचं आपण ते कधीच..."

काकांनी गाळणीकडे बघितलं. वरून लख्ख, बाहेरून लख्ख, आणि आत काय आहे ते न्हाणी बांधल्यापासून कुणी पाहिलेलं नाही. जाळीच्या भोकांतून जे आत गेलं, ते वरच्या जाळीमुळे कधी बाहेर आलंच नव्हतं; आणि ती जाळी इतकी देखणी सांधणारा माणूस कोण, हे सांगायला साक्षीदाराची गरज नव्हती.

"लान, माझ्या बोटीवर हे होणार नाही."

"नुसती आडवी करून बघा."

"आडवी? बोट आधी आडवी होते, मग पुढचं होतं!"

"मग बोटीवर कोण करा म्हणतंय?" काकू चिडून म्हणाल्या. "जमीन कशाला ठेवलीय देवानं?"

चोईच्या छोट्या होडीत काका मांडीवर वाडगा आणि वाडग्यात गाळणी घेऊन बसले. एक थेंब सांडू न देता. धक्क्यावर सणाची गर्दी. मूनकेक मिठाईचे डबे, कागदी कंदील, फेरीबोटीतून उतरणारी आणि चढणारी माणसं. त्यातून काका दोन्ही हात पुढे धरून असे चालले होते, की लोक आपोआप वाट देत. माशांचे गोळे तळणाऱ्या फुंगबाईंनी गाडीवरूनच हाक मारली.

"काय हो काका, सूप वाटतं? कुणासाठी?"

"जुनं आहे," काका म्हणाले आणि थांबले नाहीत. वास पोचल्यावर फुंगबाईंनी पुढचे प्रश्न मागे घेतले.

सार्वजनिक नळापाशी पक्की दगडी जमीन होती. काका बसले. तिथून बंदरात त्यांची बोट दिसत होती. चोईला त्यांनी म्हटलं, "तू तिकडे बघत राहा."

"कशाला?"

"बघ म्हटलं ना."

चोई बोटीकडे तोंड करून उभा राहिला. काकांनी गाळणी दोन्ही हातांत धरली. मनगट वळेना. पिंगची बोट गेली त्या सकाळी आईनं त्याच्यासमोर भाताचा वाडगा ठेवला होता, सुलटा, नेहमीसारखा. हे इतक्या वर्षांनी कुठून आठवलं कुणास ठाऊक. मग त्यांना जिथं पलंगही हलत नाही ती बाविसाव्या मजल्यावरची खोली आठवली. त्यांनी डोळे मिटले आणि गाळणी उलटी केली.

"चोई?"

"आहे जागेवर."

काकांनी दगडावर गाळणी आपटली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा आतून एक गठ्ठा जाळीवर येऊन आदळला. मग जाळीच्या भोकांतून काड्या घालून ते ओढत बसले. ओढता ओढता हात मंदावला. हे बहुतेक सगळे लानचे केस होते. वरचे पांढरे. त्याखाली काळ्यापांढऱ्याची सरमिसळ. मध्येच एक भडक लाल झुबका. तो मान-यीचा, पहिल्या नोकरीला जाताना तिनं केस रंगवले होते आणि काका तिच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. आणि सगळ्यात तळाशी, साबणानं मऊ राहिलेले, काळेभोर. रोज समोर बसून जेवणाऱ्या बायकोचे केस कधी पिकले ते काकांना कळलं नव्हतं. कळणार कसं, रोज तर बघत होते. गाळणीनं मात्र सगळं ओळीनं ठेवलं होतं, काही फेकलं नव्हतं. काळे केस बोटांना गुंडाळून काका जरा वेळ तसेच बसले.

चोईनं वळून तो ढीग बघितला. मग होडीकडे गेला. थोड्या वेळानं परत आला तो स्वतःच्या न्हाणीची गाळणी वाडग्यात घेऊन.

"आता तू माझ्या बोटीकडे बघ," तो म्हणाला.

जुना दातांचा ब्रश, व्हिनेगर आणि नळाचं पाणी घेऊन दोघांनी गाळण्या घासल्या. परत आल्यावर काकांनी हौदसुद्धा पुसून घेतला, गोळ्याला चिकटलेला साबण खरवडला, गाळणी बसवली आणि वरून बादली ओतली. पाणी भोकात शिरलं आणि दिसेनासंच झालं. काकांनी आणखी एक बादली ओतली. मग आणखी एक, नुसती बघायला.

सणाच्या संध्याकाळी मायलेकी आल्या. काकूंच्या मनगटाला पट्टा होता. मान-यीनं कुणाशी गप्पा मारल्या नाहीत. टॉवेल घेतला आणि परीक्षकासारखी न्हाणीत शिरून दार लावून घेतलं. बाहेर काका आणि काकू शेजारी शेजारी उभे राहिले. आत फवारा सुरू झाला. मग पंप. घुर्र, आणि शेवटी घोट संपल्याचा तो कोरडा आवाज. पुन्हा घुर्र. काकूंनी न बघता काकांची बाही धरली होती.

दार उघडलं. केस पुसत मान-यी आपल्या पायांकडे बघत होती.

"साठलं नाही," तिला म्हणावं लागलं. "पण बाबा, हे आजचं झालं. पुढच्या वर्षी पुन्हा घोट्यापर्यंत आलं तर? त्यापेक्षा जाळी कापून सुटी करून टाका ना. झाकण काढलं की झालं, कुठं न्यायला नको, काही करायला नको."

काकांनी सांध्याकडे बघितलं. सूचना बिनतोड होती, त्यामुळे त्यांना ती मुळीच आवडली नाही.

"नको. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला आपण तिन हाव या समुद्रदेवीला उदबत्ती लावायला काठावर जातोच. गाळणीही बरोबर नेईन."

"आणि विसरलात तर?"

"पौर्णिमा कशी विसरेन? वर दिसते."

"आणि अमावास्या?"

"दिसत नाही, तेव्हा समजायचं."

मान-यीनं आईकडे बघितलं. "आई, तू सांग. तुला काय हवंय? बाबा म्हणतील तसं, असं म्हणू नकोस."

काकूंनी बराच विचार केला. "मला," त्या म्हणाल्या, "हलणाऱ्या पलंगावर झोपायचंय."

मग कुणी तो विषय काढला नाही. टपावर जेवायला बसले. चंद्र वर आला, चोईच्या बोटीवर कंदील लागले. मधोमध वाफवलेला मासा. वरची बाजू संपल्यावर मान-यीची काडी त्याच्या कडेखाली गेली. बाविसाव्या मजल्याची सवय. ती थबकली, काड्या शेपटीकडे नेल्या आणि काटा अलगद उचलून ताटाच्या कडेला ठेवला. काकांनी काही पाहिलं नाही असं दाखवलं आणि तिच्या वाडग्यात गालाकडचं मऊ मांस घातलं.

सकाळी मान-यी पहिल्या फेरीबोटीनं गेली, एकटी. काकूंची अंघोळ झाली. काका जुन्या काड्या घेऊन न्हाणीत उकिडवे बसले. फरशीवर पाण्याचा टिपूस नव्हता. जाळीवर एक लांब पांढरा केस आडवा पडला होता. इतके दिवस ही जाळी स्वच्छ होती, आणि त्या स्वच्छतेचा काकांना किती कंटाळा आला होता ते त्यांना आत्ता कळत होतं.

"अहो," स्वयंपाकघरातून काकूंची हाक आली, "जाळीवर केस असेल माझा, काढलात का?"

"काढतो," काका म्हणाले आणि काड्या हातात धरून तसेच बसून राहिले.

"आणि मिठाची बरणी कुठं ठेवलीत?"